रोमा महिला सरकारी नोकरीत का दिसत नाहीत?

समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: रोमा हा युरोपातला सर्वांत मोठा वांशिक अल्पसंख्य समाज. त्यांच्यासाठी युरोपीय संघाचे कायदे आहेत, निधी आहे, दहा-दहा वर्षांचे आराखडे आहेत. तरी कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत रोमा बायका कर्मचारी म्हणून जवळपास का दिसत नाहीत? त्या शिकत नाहीत म्हणून? आणि आपल्यासारखं आरक्षण तिथे का ठेवत नाहीत? तिला यावर प्रबंध लिहायचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाल्कन देशांत स्थानिक प्रशासनाची भरती आणि समाजकल्याणाच्या योजना यांवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. जे सांगते आहे ते मुख्यतः तिथल्या अनुभवावरून.

आधी एक चित्र डोक्यातून काढून टाका. रोमा म्हटलं की आपल्याकडे घोडागाडी, तंबू, गावोगाव फिरणारी माणसं आठवतात. मध्य आणि पूर्व युरोपातले बहुतेक रोमा कितीतरी पिढ्या एकाच जागी राहतात. उत्तर मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येमध्ये, शुतो ओरिझारी नावाची अख्खी नगरपालिका आहे. तिथे रोमा बहुसंख्य आहेत, महापौर रोमा असतो आणि रोमानी भाषेला अधिकृत दर्जा आहे. मूळ वायव्य भारतातलं, हजारेक वर्षांपूर्वी निघालेलं, हे भाषेचा आणि जनुकांचा अभ्यास करणारे दोघेही सांगतात. पण ‘आपलेच बांधव’ म्हणून गहिवरून या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही. तो रोजगाराचा, भरतीच्या नियमांचा आणि वंशभेदाचा प्रश्न आहे.

आकड्यांनी सुरुवात करू. युरोपीय संघाची मूलभूत हक्क संस्था व्हिएन्नात आहे. तिने 2021 मध्ये दहा देशांतल्या रोमांची पाहणी केली आणि 2022 मध्ये ती प्रसिद्ध झाली. 20 ते 64 या वयात कोणतं ना कोणतं पगारी काम करणारे रोमा पुरुष 58 टक्के निघाले, बायका 28 टक्के. 20 ते 24 वयाच्या रोमा तरुणांपैकी उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले 27 टक्के होते. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर आहे. युरोपीय आयोगाने ऑक्टोबर 2020 मध्ये जो आराखडा मांडला, त्यात 2030 पर्यंत किमान 45 टक्के रोमा बायका पगारी कामात असाव्यात असं उद्दिष्ट ठेवलं आहे. म्हणजे दहा वर्षं झटूनही निम्म्याहून कमीच.

यात ‘सरकारी नोकरीत किती’ हा आकडा नाही. बहुतेक देशांत तो कोणी मोजतच नाही. आपल्याकडे जातीचा दाखला, बिंदुनामावली, अनुशेष हे शब्द शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना पाठ असतात. तिथे कर्मचाऱ्याचा वंश विचारणं, नोंदवणं यावर कडक बंधनं आहेत; फ्रान्ससारख्या देशात तर अशी नोंद जवळपास निषिद्ध आहे. ही बंधनं प्रशासनाच्या सोयीची असतात हे खरं, पण त्यामागचं भय खोटं नाही. नाझी जर्मनीत रॉबर्ट रिटर या डॉक्टरच्या संस्थेने रोमा आणि सिंती (जर्मनीत राहणारा रोमांचाच एक गट) कुटुंबांच्या वंशावळ्या काढून याद्या तयार केल्या, आणि त्या नोंदींच्या आधारे माणसं छळछावण्यांत गेली. हे फार जुनं वाटत असेल तर 2013 चं स्वीडन घ्या. दक्षिणेतल्या स्कोने भागातल्या पोलिसांनी चार हजारांहून अधिक रोमांची गुप्त यादी ठेवल्याचं एका वृत्तपत्राने उघड केलं. त्या यादीत लहान मुलांचीही नावं होती. सरकारी कागदावर ‘मी रोमा’ असं लिहायला एखादी बाई का कचरते, याचं उत्तर इथे आहे. परिणाम मात्र असा होतो, की जे मोजलं जात नाही त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही.

आता आरक्षणाचं. युरोपीय संघाचा वांशिक समानतेचा निर्देश 2000 सालचा आहे. त्याचं पाचवं कलम देशांना विशेष उपाय करण्याची मुभा देतं, सक्ती करत नाही. शिवाय युरोपीय न्यायालयाने महिलांच्या बाबतीतच घालून दिलेली चौकट अरुंद आहे. 1995 च्या कालांके खटल्यात जर्मनीतल्या ब्रेमेन शहराच्या उद्यान विभागातली एक जागा वादात होती. पात्रता समान असेल तर बाईला आपोआप प्राधान्य, हा नियम न्यायालयाने रद्द ठरवला. दोन वर्षांनी मार्शाल खटल्यात थोडी सूट मिळाली: पात्रता समान असेल तर प्राधान्य द्या, पण समोरच्या पुरुष उमेदवाराची परिस्थितीही तपासा. थोडक्यात, ‘इतक्या जागा राखीव’ ही आपली पद्धत तिथे सरळ उचलून ठेवता येत नाही. बरोबरी झाली तरच पारडं झुकवायचं. आणि जिला बरोबरीपर्यंत पोहोचूच दिलेलं नाही, तिला या प्राधान्याचा काय उपयोग?

काही देशांत कोट्यासारखं काही आहे, आणि तिथेच सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं आहे. क्रोएशियाच्या 2002 च्या अल्पसंख्याक हक्क कायद्याचं 22 वं कलम सरकारी भरतीत समान पात्रतेच्या अल्पसंख्याक उमेदवाराला प्राधान्य देतं. पण ते आपोआप मिळत नाही. उमेदवाराने अर्जातच ‘मी या कलमाचा आधार घेते’ असं लिहावं लागतं. लिहिलं की निवड समितीला पहिल्याच पानावर कळतं की अर्ज रोमा बाईचा आहे. लिहिलं नाही तर हक्क गेला. मी ज्या शिकलेल्या मुलींशी यावर बोलले, त्यांतल्या बहुतेकींनी ती ओळ लिहायचं टाळलं होतं. ‘नोकरी मिळाली तर म्हणतील कोट्यातून आली, नाही मिळाली तर निदान कळणार तरी नाही का नाही मिळाली,’ असं एकीने सांगितलं.

कोसोव्होत केंद्रीय प्रशासनातल्या किमान दहा टक्के जागा बहुसंख्य नसलेल्या समाजांसाठी आहेत. पण सर्ब, तुर्क, बोस्नियाक, रोमा, अश्काली सगळे एकाच टोपलीत. अशा टोपलीतून जागा कोणाला मिळतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको: ज्यांच्याकडे आधीपासून शाळा, पक्ष आणि पदवीधर आहेत त्यांना. उत्तर मॅसेडोनियात सरकार आणि अल्बेनियन बंडखोर यांच्यातला संघर्ष मिटवणाऱ्या 2001 च्या ओह्रिद करारानंतर ‘न्याय्य प्रतिनिधित्व’ आलं. त्याचा मोठा फायदा अल्बेनियन समाजाला झाला आणि तो त्यांचा हक्कच होता. रोमांची संख्या मात्र जनगणनेत अडीच टक्क्यांच्या आसपास असताना सरकारी क्षेत्रातला त्यांचा वाटा त्याच्या निम्म्याच्या जवळपास घुटमळत राहिला. त्यातही बरेच जण साफसफाई करणाऱ्या सार्वजनिक उपक्रमांत, सगळ्यांत खालच्या श्रेणीवर. याच योजनेखाली भरती झालेले हजाराहून अधिक कर्मचारी कित्येक वर्षं घरी बसून पगार घेत होते, कारण त्यांना ना खातं दिलं गेलं, ना टेबल. हा प्रकार युरोपीय आयोगाच्या अहवालांतही नोंदला गेला आहे. कोटा भरल्याचा आकडा दिसला, की मी आता पहिल्यांदा विचारते: ही माणसं बसतात कुठे?

आणि बायका? त्या दोन याद्यांच्या मधल्या फटीत पडतात. महिलांसाठीचे उपाय बहुसंख्य समाजातल्या बायकांपर्यंत पोहोचतात, रोमांसाठीच्या जागा रोमा पुरुषांना मिळतात. दोन्ही अहवालांत उद्दिष्ट गाठलेलं, आणि रोमा बाई दोन्हींत नाही. इथे महाराष्ट्राचा अनुभव खरोखर उपयोगी आहे. आपल्याकडे महिलांचं तीस टक्के आरक्षण समांतर आहे. ते अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास, खुला अशा प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजलं जातं. त्यामुळे भटक्या जमातीच्या बाईची जागा खुल्या प्रवर्गातल्या बाईने भरून काढता येत नाही. त्या व्यवस्थेतही अडचणी आहेत, न्यायालयीन भांडणं आहेत, रिकाम्या राहणाऱ्या जागा आहेत. पण ‘बाई’ आणि ‘भटक्या जमातीची’ हे दोन्ही एकाच वेळी मोजायचं, ही गोष्ट आपल्या भरती नियमांनी केलेली आहे. युरोपातल्या बैठकांत मी हे कागदावर आकृती काढून समजावलं आहे, आणि तिथल्या अधिकाऱ्यांना ते नवीन वाटतं.

‘त्या शिकत नाहीत’ याबद्दल. शिक्षण कमी आहे, हे वरच्या आकड्यांत आलंच. पण ते कमी कसं राहिलं, ते पाहा. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना मतिमंदांसाठीच्या विशेष शाळेत घालण्याची शक्यता इतर मुलांच्या 27 पट होती. 2007 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. अशा शाळेतून बाहेर पडलेल्या मुलीला शालान्त परीक्षेला बसताच येत नाही, आणि ती परीक्षा नसेल तर कारकुनाच्या जागेलाही अर्ज करता येत नाही. म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी घेतलेला निर्णय पंचविसाव्या वर्षी ‘अपात्र’ म्हणून समोर येतो. लवकर लग्न होणं, धाकट्या भावंडांची आणि म्हाताऱ्यांची जबाबदारी मुलीवर पडणं, हेही आहे. त्यावर रोमा बायका स्वतः खुलेपणाने बोलतात. पण सरकारी अहवालांना हे एकच कारण फार आवडतं, कारण त्यात सरकारला काही करावं लागत नाही.

कागदपत्रांचा अडथळा लहान वाटतो, असतो मात्र मोठा. अर्जाला जन्मदाखला, नागरिकत्वाचा दाखला, पत्त्याचा पुरावा लागतो. युगोस्लाव्हिया फुटल्यावर आणि कोसोव्होच्या युद्धानंतर विस्थापित झालेल्या कितीतरी रोमांकडे यातलं काहीच नव्हतं. वस्तीला घरक्रमांक नाही, म्हणून पत्ता नाही. पत्ता नाही, म्हणून ओळखपत्र नाही. सर्बियाने 2012 मध्ये कायदा बदलून जन्मनोंद राहून गेलेल्यांना न्यायालयामार्फत ती मिळवण्याची सोपी वाट काढली. त्याने बराच फरक पडला. असे नीरस दिसणारे बदल मला मोठ्या घोषणांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. रोमा बायका सरकारच्या कामात पुष्कळ आहेत. त्यांना आस्थापनेवर घेतलेलं नाही. रोमेनियात 1990 च्या दशकात ‘रोमानी क्रिस’ या संस्थेने आरोग्य मध्यस्थ ही कल्पना उभी केली आणि 2002 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने ती स्वीकारली. वस्तीतलीच बाई, जी दवाखाना आणि वस्ती यांच्यामध्ये दुवा होते. बल्गेरियाने ती उचलली, सर्बियात 2008 च्या सुमारास सुरू झाली, स्लोव्हाकिया, उत्तर मॅसेडोनियातही गेली. सर्बियात तर निवडच अशी होती की रोमानी येणाऱ्या, स्वतः आई असलेल्या रोमा बायका घ्यायच्या. लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, डॉक्टरकडे नावनोंदणी, शाळाप्रवेश अशी सगळी कामं यांच्या पायांवर चालतात. आपल्या आशा सेविका डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कामही समजेल आणि दुखणंही. काम सरकारचं, उद्दिष्टं सरकारची, अहवाल सरकारला. मोबदला मात्र करारावर किंवा मानधनावर.

बाल्कनमधल्या एका लहान शहरात मी अशाच एका मध्यस्थ बाईंबरोबर काही दिवस फिरले. वय चाळिशीच्या पुढे, शहराच्या कडेच्या वस्तीत सगळे त्यांना नावाने ओळखतात. पिशवीत लसीकरणाच्या नोंदींची वही, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा, आणि ज्यांचं विमा कार्ड संपत आलंय अशांची हाताने लिहिलेली यादी. एका घरात सतरा-अठरा वर्षांची गरोदर मुलगी होती, तिच्याकडे कार्डच नव्हतं. बाईंनी तिथूनच नोंदणी कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या कारकुनाने ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटल्यावर त्यांनी आवाज न चढवता कायद्याचं कलम सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. नंतर भिंतीला टेकून त्या मुलीला रोमानीत तपासणी म्हणजे नेमकं काय करतात ते समजावत बसल्या. बरोबर आलेली नर्स मला हळूच म्हणाली, ‘या नसत्या तर मला या गल्लीत दारसुद्धा उघडलं नसतं.’

त्याच दवाखान्यात त्या वर्षी नोंदणी कारकुनाची कायम जागा निघाली होती. बाईंनी रात्रशाळेतून माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेलं होतं. जाहिरातीत एक वर्षाचा अनुभव मागितला होता. त्यांचा सात-आठ वर्षांचा अनुभव धरला गेला नाही, कारण त्यांचा करार कामाचा होता, नोकरीचा नव्हता. अशा करारावर केलेलं काम ‘सेवा’ म्हणून मोजत नाहीत. प्रसूतीची रजा नाही, निवृत्तीच्या हिशेबात पूर्ण वर्षं नाहीत, आणि नव्या वर्षाच्या करारावर सही होईपर्यंत पैसेही थांबलेले. जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. त्यांना तिचा राग नव्हता. त्या म्हणाल्या, तिला काम मीच शिकवते आहे.

हे एका बाईंचं दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही, कारण रचनाच तशी आहे. मध्यस्थ, शिक्षण सहायक, सामाजिक कार्यकर्ती ही पदं बहुतेक वेळा परदेशी निधीतून, प्रकल्प म्हणून सुरू होतात. निधी संपला की सरकार म्हणतं, वित्त विभागाची मान्यता नाही. त्यात सर्बियात 2013 च्या अखेरीपासून 2020 पर्यंत सरकारी नोकरभरतीवर सरसकट बंदी होती. काटकसरीचा उपाय म्हणून आणलेली अशी बंदी कागदावर सगळ्यांना सारखी असते. जे आधीपासून आत आहेत त्यांना तिचा फारसा त्रास होत नाही. जे पहिल्यांदाच दाराशी पोहोचले आहेत ते बाहेर राहतात. शिकलेल्या रोमा मुलींची पहिली मोठी तुकडी विद्यापीठांतून बाहेर पडली ती नेमकी याच वर्षांत.

हंगेरीचं उदाहरण उलट्या दिशेने सावध करणारं आहे. तिथे 2011 पासून सार्वजनिक कामांची प्रचंड योजना राबवली गेली. रस्ते झाडणं, गवत कापणं, नगरपालिकेच्या शेतात राबणं. मोबदला किमान वेतनापेक्षाही कमी. रोमा त्यात लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त होते, आणि ही माणसं रोजगाराच्या आकड्यांत ‘कामावर’ म्हणून धरली गेली. काम कोणाला द्यायचं हे स्थानिक पातळीवर ठरत असल्याने गावाच्या महापौराची मर्जी सांभाळणं आलं. सार्वजनिक क्षेत्रात रोमा किती, या प्रश्नाला अशी योजना जोडली तर उत्तर छान येईल. त्यामुळे आकड्याबरोबर पद, श्रेणी आणि कराराचा प्रकार विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग काय चालतं? रोमेनियाने 1992 मध्ये बुखारेस्ट विद्यापीठात समाजकार्याच्या अभ्यासक्रमात रोमांसाठी दहा जागा ठेवल्या, आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. तीस वर्षांत तिथून शिक्षक, समाजसेवक, डॉक्टर, अधिकारी घडले. ज्या देशात 1850 च्या दशकापर्यंत रोमा हे संस्थानाचे, मठांचे आणि जमीनदारांचे गुलाम होते, तिथे ही लहान गोष्ट नाही. बल्गेरियाने आरोग्य मध्यस्थ हे पद व्यवसायांच्या राष्ट्रीय सूचीत घेतलं आणि त्याचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून नगरपालिकांकडे दरवर्षी जाईल अशी सोय केली. पगार कमी आहे, तक्रारी आहेत, पण पद टिकलं. वरच्या जागांवरही थोडी हालचाल आहे. चेक सरकारने 2022 च्या अखेरीस रोमा विषयांसाठी पहिल्यांदाच आयुक्त नेमला, आणि त्या नव्या जागी स्वतः रोमा असलेली व्यक्ती आली: ल्युत्सिए फुकोवा.

मला विचाराल तर सर्वांत आधी करण्याजोगी गोष्ट कोट्याची नाही. जी बाई आठ वर्षं सरकारचं काम करते आहे, तिची सेवा सेवा म्हणून मोजा आणि तिच्या पदाला श्रेणी द्या. त्या श्रेणीतून वर जाण्याची वाट नियमांत लिहा: मध्यस्थ ते नोंदणी कारकून, शिक्षण सहायक ते शिक्षिका. मधली परीक्षा द्यायला सवेतन रजा आणि मुलं सांभाळायची सोय द्या. यासाठी कोणाचा वंश नोंदवावा लागत नाही, कालांके निकाल आड येत नाही, आणि नवी माणसं शोधावी लागत नाहीत. त्यानंतर जाहिरातींतल्या अटी तपासाव्यात. जिथे रोज चार तास वस्तीतल्या लोकांशी बोलायचं आहे, तिथे रोमानी येणं हा पात्रतेचा भाग का असू नये? प्रशासनात अनेक भाषांना गुण मिळतात, हिला का नाही?

कोटा नको असं मी म्हणत नाही. उत्तर मॅसेडोनिया, कोसोव्हो यांसारख्या देशांत तो आहेच, तर रोमांचा वाटा वेगळा काढून त्याच्या आत बायकांचा वाटा ठरवायला हवा. मोजणी निनावी, ऐच्छिक आणि पदनिहाय असावी, आणि आकडे रोमा संघटनांच्या देखरेखीखाली ठेवावेत. भयाचा इतिहास असलेल्या समाजाला ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ एवढं म्हणणं पुरेसं नाही.

प्रबंधासाठी माझा सल्ला: संपूर्ण युरोप घेऊ नका, हाती सरासऱ्या लागतील. उत्तर मॅसेडोनिया निवडा, कारण तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या नोंदवहीत समाजनिहाय माहिती असते आणि तिचे वार्षिक अहवाल निघतात. त्यातली एखादी नगरपालिका घ्या. तिथली मंजूर पदं, भरलेली पदं आणि कंत्राटी कामं असे तीन तक्ते वेगळे मांडा, प्रत्येकात रोमा बायका कुठे आहेत ते शोधा, आणि मग त्या तिसऱ्या तक्त्यातल्या बायकांना जाऊन भेटा. मुलाखतीला दुभाषी घ्याल तो नगरपालिकेने दिलेला नसावा, आणि शक्यतो ती बाई असावी.